हौशी पिक्चर बनवताय? मग या चुका टाळा

‘बी काइंड रिवाइंड’ बघितला की लोकांना दुसऱ्याच दिवशी कॅमेरा उचलावासा वाटतो, आणि वाटलाच पाहिजे, तो पिक्चर आहेच तसा. दिग्दर्शक मिशेल गाँद्रीचा 2008 चा पिक्चर. न्यू जर्सीतल्या पॅसेइकमधलं एक जुनं व्हिडिओ कॅसेटचं दुकान, जॅक ब्लॅक या नटाच्या पात्राच्या अंगात चुंबकत्व शिरतं आणि तो दुकानात फिरला की सगळ्या कॅसेट कोऱ्या, मग तो आणि त्याचा मित्र (नट मॉस डेफ) मिळून तेच गाजलेले पिक्चर स्वतःच परत शूट करून गिऱ्हाइकांना देतात. पुठ्ठा, रंगीत कागद, भंगारातल्या वस्तू. आणि गिऱ्हाईक परत येतं, रांगा लागतात.

मी हौशी ग्रुपना शूटिंगला मदत करतो, आणि बहुतेक जण हाच पिक्चर नाहीतर त्याच्यासारखं काहीतरी बघून आलेले असतात. पण ते त्यातला पुठ्ठा तेवढा उचलतात. ते दोघं काम कसं करतात, कशाला थांबतात, कशाला थांबत नाहीत, याच्याकडे कोणी बघत नाही. म्हणून त्याच त्याच चुका. एकदा सगळ्या लिहूनच टाकतो.

“एडिटिंगमध्ये बघू”

ही सगळ्यात मोठी, आणि हिच्यामुळे जितके हौशी पिक्चर मेले तितके दुसऱ्या कशामुळे मेले नसतील. वाईट ॲक्टिंगने पिक्चर मरत नाही, खराब लाईटनेही मरत नाही. तो कोणाच्या तरी लॅपटॉपवर “फायनल” नावाच्या फोल्डरमध्ये पडून पडून मरतो.

एका बिल्डिंगमधल्या लोकांनी मिळून खुनाच्या खटल्याचा पिक्चर काढला होता, लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे त्यात. सीन उलटसुलट क्रमाने घेतले, ज्याला जेव्हा वेळ तेव्हा त्याचा सीन, आणि शूटिंग तीन वेगवेगळ्या फोनवर. एकाने आडवं घेतलं, एकाने उभं. तिसऱ्याने स्टोरेज भरलं म्हणून क्लिपा व्हॉट्सॲपवर पाठवल्या आणि मूळ फाईली डिलीट केल्या, म्हणजे त्या क्लिपांचा आता पार चुरा झालेला, चेहऱ्यावर चौकोन दिसतात. शंभराच्या वर क्लिपा, एकाही क्लिपला नाव नाही, कुठला टेक चांगला ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. एडिटिंग येतं म्हणून एका कॉलेजच्या मुलाच्या गळ्यात हे सगळं घातलं. तो बिचारा बसला, पहिले दोन सीन जोडले, मग कळलं की हिरोची टोपी दारातून आत येताना आहे आणि खोलीत पोचल्यावर नाही, मग परीक्षा आली, मग विषयच बंद पडला.

मला त्यांनी बोलावलं ते हे सगळं झाल्यावर. पिक्चरमध्ये जज झालेले एक आजोबा होते, एकच वाक्य त्यांना, “कोर्ट उठतंय”. जिन्यात जो भेटेल त्याला ते विचारायचे, “काय रे, आमचा पिक्चर कधी लागणार?” आणि विचारलं की समोरचा खाली बघून “चालू आहे आजोबा, एडिटिंग चालू आहे” म्हणायचा. मला तेव्हा खरंच राग आला. माणूस कोटाला इस्त्री करून येतो, वाक्य पाठ करून येतो, आणि तुम्ही त्याला एका फोल्डरमध्ये कोंडून ठेवता.

मी ते फुटेज उघडलंच नाही. सगळ्यांना परत गोळा केलं, गोष्ट अर्ध्यावर आणली आणि पहिल्या सीनपासून शेवटच्या सीनपर्यंत ओळीने शूट करायला लावलं. एक फोन, एक कॅमेरामन. टेक झाला की तिथेच बघायचा, जमला नसेल तर तिथेच डिलीट आणि लगेच दुसरा, जमला की पुढे, मागे वळायचं नाही. संध्याकाळी फोनमध्ये फक्त लागतील तेवढ्याच क्लिपा होत्या, त्याही क्रमाने, त्या एकापुढे एक जोडल्या की पिक्चर तयार. आजोबांनी त्याच रात्री स्वतःला बघितलं.

ही काही माझी आयडिया नाही. गाँद्रीने हा पिक्चर आला तेव्हाच, 2008 मध्ये, न्यूयॉर्कच्या एका आर्ट गॅलरीत छोटे छोटे सेट उभे केले होते, आणि 2011 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या कलाकेंद्रातही तेच. एकमेकांना न ओळखणारे लोक यायचे, त्यांना साधारण तीन तास मिळायचे, तेवढ्यात मतदानाने नाव आणि प्रकार ठरवायचा, गोष्ट रचायची, क्रमाने शूट करायचं आणि शेवटी सगळ्यांनी बसून बघायचं. एडिटिंग नाहीच. नियम कडक वाटतात, पण त्या नियमांमुळेच पिक्चर पुरा होतो. जे नवशिके मला “पण क्रिएटिव्ह फ्रीडम” वगैरे ऐकवतात त्यांना मी एवढंच विचारतो की तुमचा शेवटचा पुरा झालेला पिक्चर कुठला.

क्रमाने शूट करायचं तर थोडी सवय लागते. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर दोन सेकंद गप्प थांबा, म्हणजे जोडताना वाक्य कापलं जात नाही. शॉट संपला की कोण कुठे उभं होतं, हातात काय होतं, त्याचा एक साधा फोटो दुसऱ्या फोनवर काढून ठेवा, टोपीचा प्रॉब्लेम तिथेच मिटतो. आणि पाच मिनिटांचाच पिक्चर करा. पहिलाच पिक्चर चाळीस मिनिटांचा करणाऱ्यांना मी आधी समजावतो, नाही ऐकलं तर त्या ग्रुपला मी जात नाही.

आवाज

चित्र थोडं हललं, अंधारं आलं, तरी लोक बघतात. आवाज कळला नाही की पाचव्या मिनिटाला प्रेक्षक आपापसात बोलायला लागतात. तरी दर ग्रुपमध्ये कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर तासभर चर्चा, आणि आवाजाचं काय म्हटलं की “फोनमध्ये येतो की”.

येतो, पण कुठून? कॅमेरावाला सगळी खोली फ्रेममध्ये घ्यायला पार भिंतीला टेकतो आणि बोलणारा समोरच्या भिंतीशी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, आणि खोलीत तर त्यात भिंतींचा घुमारा मिसळतो, त्यामुळे माणूस टाकीत बसून बोलतोय असं वाटतं. हे नंतर कुठल्याही ॲपने नीट होत नाही, करून बघा हवं तर.

माझी पद्धत साधी आहे. संवादाचा शॉट असेल तर कॅमेरा जवळ, हात लांब केला की माणसाला लागेल इतका जवळ. लांबचा शॉट हवा असेल तर त्यात संवाद ठेवायचाच नाही, चालणं, पळणं, दार उघडणं एवढंच. पंखा बंद, फ्रिज बंद (शूटिंग संपल्यावर चालू करायची आठवण एकावर सोपवा), खिडकी बंद. मग सगळ्यांनी गप्प उभं राहून एकदा ऐकायचं की अजून काय वाजतंय. हे ऐकण्याचं काम मी नेहमी ग्रुपमधल्या सगळ्यात लहान पोराला देतो, त्याला मोठ्यांपेक्षा जास्त ऐकू येतं आणि त्याला कामही मिळतं.

लांबून संवाद घ्यायचाच असेल तर दुसरा फोन बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात रेकॉर्डिंगला ठेवा, माइकची बाजू वर, आणि शॉट सुरू झाला की कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी. नंतर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवायची. फक्त लक्षात ठेवा, बरेच फोन व्हिडिओ घेताना सेकंदाला किती फ्रेम घ्यायच्या ते लाईटप्रमाणे कमी-जास्त करत राहतात, त्यामुळे लांबलचक शॉटमध्ये सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी निसटतात. म्हणून शॉट छोटे घ्या.

आणि आवाजाचं काहीच जमत नसेल तर मूकपट करा, पुठ्ठ्यावर वाक्यं लिहून दाखवा. मी मनापासून सांगतोय, मी बघितलेल्या सगळ्यात छान हौशी पिक्चरांमधले कितीतरी असे होते.

मुद्दाम वाईट करणं

याच्यावर माझं अगदी ठाम मत आहे. लोकांना वाटतं पुठ्ठ्याचा सेट आहे म्हणजे ॲक्टिंग पण टुकार करायची, मध्येच कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, डोळा मारायचा, म्हणजे “कॉमेडी” झाली. नाही होत. जॅक ब्लॅक आणि मॉस डेफ त्यात एकदाही “आम्हाला माहितीये हे फालतू आहे” असं दाखवत नाहीत. गोळी लागलेल्या माणसाच्या डोक्याखाली पिझ्झा ठेवतात रक्त म्हणून, आणि ठेवतात ते पूर्ण श्रद्धेने, की हे रक्तच आहे. जुन्या फिल्मवरच्या रेघा दाखवायला लेन्ससमोर पंखा धरतात, त्याला दोरे बांधलेले. ती युक्ती बघून आपण हसतो, पण त्यांनी डोकं किती लावलंय हेही त्याच क्षणी कळतं. तुम्ही जीव तोडून करा, जिथे साधन कमी पडेल तिथे हसू आपोआप येईल. पात्राने हसायचं नाही. टेकमध्ये कोणी फिस्सकन हसलं की मी तो टेक डिलीट करतो, कितीही चांगला असला तरी.

महागडं सामान आधी घेणं

गिंबल (फोन हलू नये म्हणून धरायचा दांडा), लाईटचा सेट, लेन्स. नका घेऊ. आधी एक पिक्चर पुरा करा, मग बोलू.

सगळं मीच करणार

दिग्दर्शक मी, हिरो मी, कॅमेरा कसा धरायचा तेही मी सांगणार, बाकीच्यांनी मागे गर्दी म्हणून उभं राहायचं. हे मुख्यतः त्या मुलांचं होतं ज्यांनी शूटिंगचे भरपूर व्हिडिओ बघितलेले असतात. दोन तास गर्दी उभी राहते, मग एकेक जण “जरा जाऊन येतो” म्हणून जातो तो येतच नाही, आणि मग मेसेज येतो की लोकांना इंटरेस्टच नाही.

बी काइंड रिवाइंडमध्ये बघा, सुरुवातीला दोघंच असतात, मग ड्रायक्लीनिंगच्या दुकानातली अल्मा येते, मग हळूहळू आजूबाजूचे सगळेच, आणि पिक्चर खरा रंगतो तो तिथून. लोक कॅसेट न्यायला येतात कारण त्यात ते आहेत, त्यांच्या शेजारचा माणूस आहे. मी कामं वाटताना पहिल्यांदा गप्प बसलेल्यांना विचारतो. ज्या काकू “मला नको बाई कॅमेऱ्यासमोर” म्हणतात त्यांना कपडेपट द्या. त्या घरी जाऊन कपाट उपसून असं काही आणतात की सीनच बदलतो, आणि तिसऱ्या सीनपर्यंत त्या स्वतःच कॅमेऱ्यासमोर आलेल्या असतात.

छोट्या छोट्या पण नेहमीच्या चुका: फोन एअरप्लेन मोडवर न टाकणं (सगळ्यात चांगल्या टेकला फोन येणारच). लेन्स न पुसणं. खिडकीकडे पाठ करून माणूस उभा करणं, आणि मग चेहरा काळा का आला विचारणं. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक न करणं, त्यामुळे शॉटच्या मध्येच चित्र उजळतं-विझतं. ट्यूबलाईटखाली पट्टे फिरताना दिसले तर वीज 50 हर्ट्झची आहे हे लक्षात घेऊन शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवा, गेले पट्टे.

दुसऱ्याचं गाणं, दुसऱ्याची गोष्ट

घरात बसून मजा म्हणून एखाद्या गाजलेल्या पिक्चरची नक्कल केली तर सरावाला उत्तम आहे. पण ते ऑनलाइन टाकलं, तिकीट लावलं की हक्कांचा प्रश्न येतो, आणि बॅकग्राउंडला टाकलेलं सिनेमाचं गाणं तर सिस्टिम लगेच पकडते, कधी आवाज बंद, कधी व्हिडिओच गायब. बी काइंड रिवाइंडमध्येही तेच होतं की, स्टुडिओची माणसं येतात आणि सगळ्या कॅसेट रोलरखाली चिरडतात.

पण मला आवडतं ते त्याच्या पुढचं. मग ते सगळे मिळून स्वतःची गोष्ट काढतात, फॅट्स वॉलर या जॅझ पियानोवाल्याची. खरा वॉलर जन्मला न्यूयॉर्कमध्ये, 1904 साली, आणि 1943 मध्ये गेला. दुकानाचा मालक मात्र पोरांना सांगत आलेला असतो की तो याच इमारतीत जन्मला. खोटं आहे हे कळतं, आणि तरीही सगळी वस्ती ठरवते की आपण आपल्या वॉलरचाच पिक्चर काढायचा. तुमच्याकडेही अशी एखादी थाप नक्की असेल, कोणीतरी वर्षानुवर्षं रंगवून सांगितलेली, ती घ्या. संगीत ग्रुपमधल्याच कोणाकडून वाजवून घ्या, पेटी, डबे, शिट्टी, काहीही, बेसूर असलं तरी तुमचं असतं.

लिंक पाठवून मोकळं होणं

एवढं सगळं करून शेवटी ग्रुपवर लिंक टाकतात, “बघा रे सगळ्यांनी”. प्रत्येक जण आपापल्या फोनवर एकटा बघतो, निम्मे पुढे ढकलत ढकलत स्वतःचा सीन तेवढा बघतात, चार अंगठे येतात, संपलं. मला हे सहनच होत नाही. पाच मिनिटांचा का असेना, सगळ्यांना एका जागी बसवून मोठ्या पडद्यावर दाखवा, आणि ते झाल्याशिवाय ऑनलाइन टाकू नका.

साधी पांढरी चादर चालते, सुरकुत्या नसल्या आणि खालून ताणून बांधली की झालं. प्रोजेक्टर आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी लावून बघा, कारण दुपारी सगळं फिकटच दिसतं आणि उगाच धीर सुटतो. बी काइंड रिवाइंडसारखं चादरीच्या दोन्ही बाजूंनी लोक बसवायचे असतील तर पलीकडच्यांना अक्षरं उलटी दिसणार, तेव्हा वाक्यं लिहिलेल्या पुठ्ठ्यांचा मूकपट असेल तर सगळे एकाच बाजूला बसवा. प्रोजेक्टरच्या स्वतःच्या स्पीकरवर अजिबात विसंबू नका, वेगळा स्पीकर लावा आणि तो पडद्याजवळ ठेवा.

आणि शेवटची नावं. ती घाईघाईत आदल्या रात्री टाकतात आणि कोणीतरी राहतंच. ज्याने फक्त टेबल उचललं त्याचंही नाव पाहिजे, ज्याने पंखा बंद केला त्याचंही, आणि नाव कसं लिहायचं ते ज्याचं त्याला विचारून. पाटी पुरेसा वेळ पडद्यावर ठेवा, कारण त्या वेळी लोक टाळ्या वाजवत असतात आणि स्वतःचं नाव शोधायला त्यांना वेळ लागतो.