तीन गळ्यांतून एक कॉर्ड: रेडिओयुगातील क्लोज हार्मनी गाण्याचा अभ्यास

1930 च्या दशकात अमेरिकन रेडिओवर तीन किंवा चार आवाजांच्या गायकवृंदांनी एक गानपद्धती लोकप्रिय केली. तिच्यात मुख्य चाल एक गळा गातो आणि बाकीचे गळे त्याच शब्दांना, त्याच लयीत, पण वेगळ्या स्वरांवर साथ देतात. हे सर्व स्वर एकाच सप्तकाच्या आत, एकमेकांना अगदी खेटून असतात, म्हणून या पद्धतीला क्लोज हार्मनी म्हणतात. ज्यांना सरगम येते, तानपुऱ्यावर सूर लावण्याची सवय आहे आणि ज्यांना आणखी दोघांसह हे गाणे प्रत्यक्ष गाऊन पाहायचे आहे, अशांसाठी हा लेख आहे. आपल्या संगीतात वाढलेल्या कानाला या कामात एक मोठा फायदा मिळतो, आणि एक जुनी सवय मात्र काही काळ बाजूला ठेवावी लागते. त्या दोन्ही गोष्टी पुढे ओघाने येतील.

आधी काय ऐकावे आणि कशासाठी

सुरुवात मिल्स ब्रदर्सपासून करावी. ओहायो राज्यातील पिक्वा गावच्या जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड या चार भावांनी गळ्यातून आणि ओंजळीतून ट्रम्पेट, ट्युबा यांसारख्या वाद्यांचे आवाज काढण्याची कला इतकी साधली होती, की या ध्वनिमुद्रणात एका गिटारखेरीज कोणतेही वाद्य नाही असा खुलासा त्यांच्या तबकड्यांवर छापावा लागे. त्यांचे 1931 चे ‘टायगर रॅग’ ऐकताना ट्रम्पेटच्या नकलेकडे लक्ष आधी जाईल. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र केवळ सर्वांत खालचा आवाज धरून ठेवावा, कारण ट्युबासारखा चालणारा तो आवाज संपूर्ण रचनेचा पाया सांभाळतो. 1936 मध्ये जॉनचे अकाली निधन झाले, तेव्हा ही खालची बाजू त्यांच्या वडिलांनी उचलली.

त्यानंतर मिनियापोलिसच्या अँड्र्यूज सिस्टर्स ऐकाव्यात. 1937 च्या अखेरीस ध्वनिमुद्रित झालेल्या ‘बाय मिर बिस्ट दू शेन’ या गाण्याने त्या घरोघरी पोहोचल्या. त्यांच्या गाण्यात मुख्य चाल पॅटी गाते, मॅक्सीनचा स्वर तिच्या वर असतो आणि लावर्नचा तिच्या खाली. चाल मधल्या गळ्याकडे असण्याची ही मांडणी शिकणाऱ्यांना फार सोयीची पडते आणि पुढील सगळा अभ्यास मी तिच्यावरच बेतला आहे.

बॉसवेल सिस्टर्सना शेवटी ठेवण्याचे कारण त्यांचे काम सर्वांत अवघड आहे, आणि माझ्या मते सर्वांत थोरही आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये वाढलेल्या मार्था, कॉनी आणि व्हेट या तिन्ही बहिणी अभिजात वाद्यसंगीत शिकलेल्या होत्या. मार्था पियानो, कॉनी चेलो आणि व्हेट व्हायोलिन वाजवीत असे. गाण्याच्या मध्येच लय अर्धी करणे, शुद्ध गांधाराची चाल कोमल गांधारावर नेणे, शब्द सोडून निरर्थक अक्षरांचे तुकडे गाणे आणि पुन्हा मूळ जागी परतणे हे सारे त्या अवघ्या तीन मिनिटांत करीत. अँड्र्यूज भगिनी त्यांचेच गाणे ऐकून घडल्या आणि प्रख्यात जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड यांनी कॉनीचा आपल्यावरील प्रभाव मोकळेपणाने मान्य केला होता.

युरोपातील नमुना हवा असेल, तर बर्लिनच्या कॉमेडियन हार्मोनिस्ट्स यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. पाच गायक आणि एक पियानोवादक यांचा हा संच 1927 मध्ये जुळू लागला. त्यातील काही सदस्य ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीने त्यांना एकत्र गाणे अशक्य केले आणि इतका एकजीव झालेला वृंद कायमचा फुटला.

गळे ठरवणे आणि षड्ज निवडणे

तिघांपैकी ज्याचा आवाज बोलताना सर्वांत मोकळा वाटतो आणि ज्याचे शब्द स्पष्ट असतात, त्याला मधली बाजू म्हणजे मुख्य चाल द्यावी. वरच्या बाजूसाठी हलक्या आवाजात वर जाऊ शकणारा गळा हवा. तिथे जोर लावणारा गायक सर्व कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी लागलेल्या स्वरांचा मेळ, झाकून टाकतो. खालची बाजू मात्र गटातील सर्वांत पक्क्या कानाच्या व्यक्तीकडे द्यावी, कारण तिच्या वाट्याला आलेली ओळ स्वतंत्रपणे ऐकली तर चाल वाटतच नाही. षड्ज ठरवताना वरच्या गळ्याचा सर्वांत उंच स्वर आधी पाहावा आणि तो स्वर सहज, न ओरडता लागेल अशी पट्टी निवडावी. ती मुख्य गायकाला थोडी खालची वाटली तरी चालते. रेडिओवरील हे वृंद मायक्रोफोनच्या भरवशावर हळू आणि खालच्या पट्टीत गात असत आणि त्यांच्या गाण्यातील ऊब बरीचशी तिथूनच येते.

बाजू बांधणे

आता सरगमच्या आधारे तीन ओळी तयार करू. मधला गळा ‘सा’ गात असेल तेव्हा वरच्याने ‘ग’ आणि खालच्याने मंद्र ‘प’ गावा. मधला ‘ग’ वर गेला की वर ‘प’ आणि खाली ‘सा’ येतो. मधला ‘प’ वर असताना वर तार ‘सा’ आणि खाली ‘ग’ राहतो. या तिन्ही ठिकाणी कॉर्ड एकच आहे, फक्त तिच्या पायऱ्या तिघांनी वाटून घेतल्या आहेत. मधल्या स्वरांसाठी कॉर्ड बदलते. मधला ‘रे’ गाईल तेव्हा वर ‘म’ आणि खाली मंद्र ‘नि’ लावावा. मधला ‘म’ गाईल तेव्हा वर ‘ध’ आणि खाली ‘सा’, तर मधला ‘ध’ गाईल तेव्हा वर तार ‘सा’ आणि खाली ‘म’ लावावा. ‘नि’ वर वरच्याने तार ‘रे’ आणि खालच्याने ‘प’ धरावा.

ही सरगम सावकाश चढत-उतरत गाऊन पाहिली, की दोन अवघड जागा लगेच हाती लागतात. मधला गळा ‘ग’ वरून ‘म’ वर चढतो आणि वरचाही चढतो, पण खालच्याला त्याच ‘सा’ वर थांबायचे असते. तसेच मधला ‘प’ वरून ‘ध’ वर जातो तेव्हा वरच्याला तार ‘सा’ सोडायचा नसतो. शेजारचा हलत असताना स्वतः स्थिर राहणे हे बहुतेक नवशिक्यांना स्वर बदलण्यापेक्षा कठीण जाते, म्हणून या दोन जोड्या वेगळ्या काढून वीस-पंचवीस वेळा घोटाव्यात. गोव्याचा मांडो ज्यांनी घरच्या किंवा गावच्या समारंभांत दोन आवाजांत गायिला आहे, त्यांचा कान तिसऱ्या आणि सहाव्या स्वराच्या अंतराने समांतर चालण्याला सरावलेला असतो. तेव्हा अशा व्यक्तीला गटात घ्यावे आणि वरची बाजू द्यावी.

या गाण्याचा खास स्विंगचा, म्हणजे त्या काळच्या झुलत्या लयीच्या जॅझचा, रंग धैवतातून येतो. शेवटच्या कॉर्डवर मधला ‘प’ आणि खालचा ‘ग’ तसेच ठेवून वरच्याने तार ‘सा’ ऐवजी ‘ध’ लावावा आणि ‘सा’ साथीच्या गिटारला द्यावा. ‘प’ आणि ‘ध’ शेजारी असल्यामुळे प्रथम दोघांनाही आपण चुकलो असे वाटते आणि दोघेही नकळत एकमेकांकडे सरकतात. तिथे सरकू नये. ते अंतर ठामपणे राखले, की त्या काळाचा तो परिचित गोडवा ऐकू येतो.

चार गळे असतील तर एक अधिक पद्धतशीर मार्ग आहे. सा, ग, प, ध या चार स्वरांची एक कॉर्ड आणि रे, म, कोमल ध, नि या चार स्वरांची दुसरी कॉर्ड मनात ठेवावी. चाल या वेळी सर्वांत वर ठेवावी. चालीचा स्वर ज्या गटातला असेल, त्याच गटातले उरलेले तीन स्वर त्याच्या लगेच खाली क्रमाने लावावेत. म्हणजे चालीत तार ‘सा’ असेल तर खाली ध, प, ग येतील आणि तार ‘रे’ असेल तर खाली नि, कोमल ध, म येतील. दुसरी कॉर्ड अस्थिर असते आणि पुन्हा पहिलीकडे ओढ घेते, त्यामुळे साधी सरगमसुद्धा पुढे झुकत चालल्यासारखी वाटते. स्विंग बँडमधील सॅक्सोफोनच्या ताफ्यासाठी रचनाकार हीच युक्ती वापरत.

गांधार

आपल्या कानाचा फायदा इथे होतो. पियानोवरचा आणि साध्या हार्मोनियमवरचा शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तोच आपल्याला हवा आहे. एकाने ‘सा’ आणि दुसऱ्याने ‘प’ धरावा. तिसऱ्याने ‘ग’ मुद्दाम किंचित चढा लावून अगदी सावकाश खाली आणावा. एका क्षणी आवाजातली थरथर थांबते आणि कोणीच गात नसलेला एखादा वरचा स्वर खोलीत घुमल्याचा भास होतो. ती जागा तिघांनीही आलटून पालटून गाऊन पाहावी. हार्मोनियम फक्त पहिला स्वर मिळवण्यासाठी ठेवावा आणि नंतर बंद करावा, कारण तो सुरू राहिला तर गळे त्याच्या चढ्या गांधाराला चिकटतात.

आपण प्रत्येक स्वर षड्जाच्या नात्याने लावायला शिकलेलो असतो, पण हार्मनीत ते नाते कॉर्डगणिक बदलते. मध्यमावर उभ्या असलेल्या कॉर्डमध्ये धैवत हा त्या मध्यमाचा गांधार होतो. पंचमावरच्या कॉर्डमध्ये निषाद हा पंचमाचा गांधार होतो. गिटारवर त्या क्षणी कोणता पाया वाजतो आहे ते ऐकावे आणि आपला स्वर त्याच्याशी जुळवावा.

बाजूला ठेवायची सवय म्हणजे मींड, खटका आणि कण. एकट्याच्या गाण्यात जो कण चालीला जिवंत करतो, तोच तीन गळ्यांत एकाने घेतला तर कॉर्ड गढूळ होते. बॉसवेल भगिनीही स्वरांवरून घसरत जात, पण तिघी एकाच क्षणी निघत आणि एकाच क्षणी पोहोचत. तसे साधेपर्यंत स्वर सरळ, आंदोलनाविना लावावा.

शब्द आणि लय

सुरांचा मेळ बसूनही आवाज एकजीव होत नसेल, तर दोष बहुधा स्वरोच्चारांत असतो. सख्ख्या बहिणी-भावांच्या वृंदांना घरातला एकच उच्चार आयता मिळतो, इतरांना तो ठरवून आणावा लागतो. अमेरिकन इंग्रजीतील दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ शेवटी अनुक्रमे ‘इ’ आणि ‘उ’ कडे वळतात. लांबवलेल्या शब्दात पहिलाच स्वर धरून ठेवावा आणि हे वळण सर्वांनी अगदी अखेरच्या क्षणी घ्यावे. शब्दाच्या शेवटचा ‘स’ तिघांनी उच्चारला तर फुत्कार ऐकू येतो, म्हणून तो एकानेच म्हणावा.

लयीसाठी आधी शब्द सुराविना, एकत्र बोलावेत. चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यावी. प्रत्येक मात्रेचे मनात तीन भाग करून पहिल्या अक्षराला दोन आणि दुसऱ्या अक्षराला एक भाग द्यावा. दादऱ्याची झुलती चाल अंगात असेल तर हे लवकर जमते. मात्र लय वाढेल तसे हे अंतर सपाट होत जाते, तेव्हा जलद गाण्यात ते ओढूनताणून लंगडे करू नये.

एका मायक्रोफोनसमोर

त्या काळी प्रत्येकाला वेगळा मायक्रोफोन नसे. आवाजाचा तोल गायक पावलांनी साधत आणि ज्याचा आवाज दणकट तो मागे उभा राही. आज मोबाईल फोन तिघांच्या मध्ये, तोंडाच्या उंचीवर ठेवूनही हा सराव होतो. मुख्य गायक एक हातभर अंतरावर आणि इतर दोघे अर्धे पाऊल मागे, अशी सुरुवात करावी आणि ऐकून जागा बदलाव्यात. वरचा आवाज चालीपेक्षा जास्त ऐकू येत असेल, तर त्याला हळू गायला सांगण्याऐवजी आधी मागे सरकवून पाहावे. त्यामुळे त्याच्या आवाजाचा पोत बिघडत नाही.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे आणि ते एका दमात गावे लागे. मध्ये चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. आपणही तेच बंधन पाळावे, तीन मिनिटांची रचना बसवावी आणि न थांबता ध्वनिमुद्रित करावी. पहिला फेरा चाल जशी आहे तशी गावा आणि दुसऱ्या फेऱ्यात लय अर्धी करून पाहावी. ध्वनिमुद्रण प्रत्येकाने तीनदा ऐकावे आणि दर वेळी दुसऱ्याच्याच ओळीकडे लक्ष द्यावे. रचना पक्की झाली की पुढच्या बैठकीत वरच्याने खालची ओळ आणि खालच्याने वरची ओळ, गरज पडल्यास सप्तक बदलून, गाऊन दाखवावी. जिथे दोघांपैकी कोणी अडेल, ती जागा वहीत लिहून ठेवावी आणि पुढचा रियाज तिथूनच सुरू करावा.