गठ्ठे मोजता, तोलत मात्र नाही

पाऊस तोंडावर आलाय. गवताला खताचा पहिला हप्ता पडायच्या आत एक काम उरका. मागच्या हंगामातले वाळल्या गवताचे गठ्ठे अजून उरले असतील, तर जनावरांनी ते संपवायच्या आत त्यातले दहा तोलून घ्या. वरवरचे सुबक तेवढे निवडू नका, गंजीत हात घालून येतील ते घ्या.

एवढा आग्रह का, ते सांगतो. एका हेक्टरचे चारशे गठ्ठे निघाले, एक गठ्ठा तीस किलोचा, म्हणजे बारा टन, असा हिशेब एकाने मला छातीठोकपणे सांगितला होता. गोठ्याच्या आढ्याला स्प्रिंगकाटा टांगला आणि गठ्ठे अडकवत गेलो. एकोणीस, अठरा, एकवीस, एकोणीस. सरासरी एकोणीस किलो. बारा टन कुठले, साडेसात टनांच्या थोडं वर! खत मात्र तीन वर्षं बारा टनांच्या बेताने पडत होतं. एक टन वाळलं गवत जमिनीतून साधारण 20 किलो नत्र (नायट्रोजन), 6 किलो स्फुरद (फॉस्फेट) आणि 20 ते 25 किलो पालाश (पोटॅश) उचलून नेतं. म्हणजे न आलेल्या साडेचार टनांपायी दर वर्षी 90 किलो नत्र फुकट, युरियात धरलं तर जवळजवळ 195 किलो. आणि ‘वाढ कमी दिसतेय’ म्हणून दुकानातून टॉनिकच्या बाटल्या येत होत्या त्या वेगळ्याच. वाढ कमी नव्हतीच, अपेक्षा फुगवलेली होती.

उत्पादनाचं लक्ष्य, म्हणजे ज्याच्या बेताने खत घालायचं तो आकडा, ठरवायची रीत साधी आहे. आपल्याच शेताची मागची चार-पाच वर्षं घ्या आणि दुष्काळाने झोपवलेलं वर्ष वगळा. समजा, उरलेल्या वर्षांत हेक्टरी 5.2, 4.6, 5.0 आणि 4.8 टन निघालं. सरासरी आली 4.9. त्यावर फार तर दहा टक्के चढवा, म्हणजे लक्ष्य साधारण 5.4 टन. बियाण्याच्या पाकिटावरचा आकडा कुणाच्या तरी काळ्याभोर, भरपूर पाण्याच्या जमिनीतला असतो, तो तुमच्या मुरमाला लावू नका. पाकिटावर हिरव्या चाऱ्याचं वजन छापतात, हेही विसरू नका. हिरव्या गवतात पाऊण हिस्सा किंवा जास्तच पाणी असतं. चार टन हिरवं वाळवलं की जेमतेम टनभर हाती लागतं.

नोंदीच नसतील तर यंदापासून ठेवा. कापणीच्या आदल्या दिवशी एक मीटर बाय एक मीटरची चौकट पाच-सहा ठिकाणी टाकून आतलं गवत कापा, पूर्ण वाळवा आणि तोला. चौरस मीटरला 500 ग्रॅम म्हणजे हेक्टरी 5 टन. यातलं थोडं सांडतं, थोडं कुजतं, म्हणून मी स्वतः पाचवा हिस्सा वजा करतो. हा माझा अंदाज, पुस्तकातला नव्हे.

आता उलटी चूक, खत कमी पडण्याची. कापून विकलेल्या गवताबरोबर पालाश कायमचा शेताबाहेर जातो, आणि तो दिसत नाही. लसूणघासाच्या जुन्या पानांच्या कडेला पांढरे ठिपके दिसले, झाडं विरळ होऊन मधे तण शिरलं, की लोक रोगाचं औषध शोधतात. आधी माती तपासा. लसूणघास आपलं नत्र आपण कमावतो, त्याला युरिया घालणं म्हणजे तणाला पोसणं. गवतात लसूणघासासारखं द्विदल तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असेल, तरी नत्राचा हात आखडाच. पालाश मात्र एका दमात ओतू नका, पीक गरज नसताना उचलून घेतं. दोन हप्ते करा.

चराईच्या कुरणाला हा हिशेब जसाच्या तसा लावायचा नाही. जनावर जे खातं, त्यातलं बहुतेक स्फुरद-पालाश शेणमूत्रातून परत येतं. पण येतं कुठे? झाडाच्या सावलीत आणि पाण्याच्या हौदाभोवती. तिथे गवत गडद, बाकीचं पिवळं. त्या गडद जागेची माती नमुन्यात मिसळली की सगळा अहवाल खोटा. शिवाय मोकळ्या चराईत उगवलेल्यातलं निम्मंही पोटात जात नाही, तुडवलं जातं. अशा कुरणात खत वाढवण्याआधी कुंपण घालून भाग पाडा आणि चराईच्या पाळ्या लावा.

बाकीची कामं:
- मातीचा नमुना: 15-20 जागा, कायम गवताला 8-10 सेंमी खोल. प्रयोगशाळेला खोली कळवा.
- सामू (मातीचा pH) कमी असल्यास चुना, तोही खताच्या बराच आधी.
- स्फुरद-पालाश अहवालाप्रमाणे. भरपूर असेल तर यंदा नाही.
- नत्र दर कापणीनंतर वाटून, ओल असतानाच.
- गठ्ठे बांधताना ओल 15-18 टक्क्यांच्या वर नको.

पावसाने दडी मारली तर सगळं बाजूला ठेवून हे वाचा. भरपूर युरिया खाऊन पाण्याच्या ताणात अडकलेल्या गवतात नायट्रेट (नत्राचंच एक रूप) साठतं, ते जनावराला मारू शकतं. वाळवल्याने ते जात नाही. खोडाच्या बुडाशी ते जास्त असतं, म्हणून उंचावरून कापा. पाऊस पडल्या-पडल्या लगेच कापू नका, आठवडाभर थांबा आणि तपासल्याशिवाय उपाशी जनावरापुढे टाकू नका. आणि पहिल्या कापणीचं वजन ठरवल्याच्या दोन तृतीयांशही भरलं नाही, तर पुढच्या हप्त्यातला युरिया त्याच प्रमाणात कापा. दुकानदार म्हणेल, आता तर जास्त घाला. घालू नका.