जुनी डॉज, कमिन्स इंजिन: कुठला बदल खरंच कामाचा, ते तपासायचं कसं

इंडियानातल्या आमच्या कोलंबस गावात पुण्याहून आलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथे, आणि पुण्यात त्यांचं बस्तान १९६२ पासूनचं, किर्लोस्कर कमिन्स असं नाव होतं तेव्हापासून. त्यामुळे इंजिनावर पोट असलेली मराठी मंडळी इथे भरपूर. त्यातल्या काहींनी हौसेने एखादी जुनी डॉज रॅम, म्हणजे कमिन्सचं इंजिन असलेली पिकअप, पाळलेली असते. मीही पाळली आहे: १९९७ ची २५००, ५.९ लिटरचं बारा व्हॉल्व्हचं इंजिन, डिझेल फवारणारा बॉशचा पी७१०० पंप (थोडक्यात पी पंप), पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. कारखान्यातून निघताना २१५ अश्वशक्ती आणि ४४० पौंड-फूट टॉर्क.

‘दादा, प्लेट बदलू की टर्बो?’ असा फोन शनिवारी हमखास येतो. प्लेट म्हणजे पंपाने डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा छोटा भाग, आणि टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. मी उलट विचारतो, ओढायचं काय आहे? रिकामी गाडी सिग्नलवरून सुसाट सुटावी एवढीच हौस असेल तर कुठलाही बदल चांगलाच वाटेल. चार टनांचा ट्रेलर डोंगरावर न्यायचा असेल, तर बदलांची तुलना अश्वशक्तीत करून उपयोग नाही. ती एक्झॉस्टच्या तापमानात करायची.

यूट्यूबवरचे डायनोचे, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे बघून भुलू नका. पुण्यात इंजिन तपासायच्या खोलीत, टेस्ट सेलमध्ये, उमेदवारी केलेली असल्यामुळे मला तो कागद दिसला की आधी खालची बारीक अक्षरं वाचायची खोड आहे. बहुतेक दुकानांत जड रोलरचा डायनो असतो. गाडी त्यावर काही सेकंदच पूर्ण ताकदीने धावते, तेवढ्यात तापमान धड चढतही नाही. घाटात तीच ताकद पाच-सहा मिनिटं सलग द्यावी लागते. दुसरं, कारखान्याचा २१५ हा आकडा फ्लायव्हीलवरचा आणि डायनोचा आकडा चाकांवरचा. मधे गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल आपापला वाटा खातात, म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करायची नसते. तिसरं, हवामानाची ‘दुरुस्ती’ लावून वाढवलेला आकडा. विरळ हवेची भरपाई टर्बो बरीचशी स्वतःच करतो, त्यामुळे साध्या इंजिनासाठीचा तो गुणक टर्बो डिझेलला लावला की आकडा फुगतो. दुरुस्ती न लावलेला आकडा मागा. दुकानदार कुरकुरेल, तरी मागा.

आता मोजमापाची तयारी. पैसे खर्च करायचेत ना, मग पहिले पैसे दोन मीटरवर घाला: एक एक्झॉस्टच्या तापमानाचा, एक बूस्टचा, म्हणजे टर्बो हवा किती दाबाने भरतो त्याचा. तापमानाचा प्रोब टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच बसला पाहिजे. टर्बोच्या पुढे लावलात तर वायू टर्बाइनमधून थंड होऊन आलेले असतात, आणि किती थंड होऊन आले हे दर वेळी बदलतं. मॅनिफोल्डला ११/३२ इंचाचं भोक पाडून १/८ एनपीटीचा, म्हणजे निमुळत्या पाइप-आट्यांचा, टॅप फिरवायचा. टर्बो उतरवून केलंत तर उत्तमच. नाहीतर ड्रिलच्या टोकाला भरपूर ग्रीस लावा, आणि शेवटचा पापुद्रा फुटताना कोणाला तरी इंजिन आयडलला ठेवायला सांगा, म्हणजे कीस बाहेर फेकला जाईल. डोळ्यांना गॉगल हवाच.

सलग लोडवर १२५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६७५ सेल्सिअस, ही माझी लक्ष्मणरेषा. दोन-चार सेकंद १३०० च्या वर गेलं तर चालतं, पण तिथे मुक्काम नाही. अ‍ॅल्युमिनियम ६६० सेल्सिअसला वितळतं. पिस्टन तरीही तगतो, कारण त्याच्या पोटावर खालून तेलाची पिचकारी मारलेली असते आणि हे तप्त वायू त्याला सतत लागून नसतात.

ताकद वाढवण्याआधी एक काम या इंजिनाला चुकत नाही. टायमिंग गिअरच्या केसमध्ये एक छोटी डॉवेल पिन असते. वर्षानुवर्षांच्या कंपनांनी ती सरकत बाहेर येते आणि नशीब फुटकं असेल तर गिअरच्या दातांत पडते. पुढचं कव्हर उघडून, शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी दाबून ती जागच्या जागी अडवायची. त्याच सुट्टीत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावून घ्या: थंड इंजिनावर इनटेक ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०२० इंच. हे न करता केलेली कुठलीही तुलना म्हणजे आजारी माणसाची धावण्याची शर्यत.

चढ एकच ठरवा. माझा ठरलेला आहे टेनेसीतला माँटइगल, आय-२४ वर चॅटनूगाहून नॅशव्हिलकडे येतानाचा. ट्रेलर तोच, वजन काट्यावर करून घेतलेलं, टायरची हवा तीच. पायथ्याशी ५५ मैलांचा वेग, चौथा गिअर. आमच्या बॉक्समध्ये चौथा म्हणजे थेट एकास एक, आणि माझ्या ३.५४ च्या अ‍ॅक्सलवर तेव्हा इंजिन २१०० आरपीएमच्या आसपास फिरतं. शेजारी बसलेल्याने दर अर्ध्या मिनिटाला तापमान, बूस्ट आणि वेग लिहायचा. तुम्ही फक्त रस्ता बघायचा आणि अधूनमधून आरशात धूर. बाहेरचं तापमानही लिहा. जुलैतली फेरी आणि नोव्हेंबरातली फेरी शेजारी मांडून काही कळत नाही. आणि एका वेळी एकच बदल. हे ऐकायला सोपं आहे, पण बॉक्स घरी आला की सगळं एकदम बसवायचा मोह भल्याभल्यांना होतो.

आता प्लेट. पी पंपाच्या वरच्या झाकणाखाली एक छोटी प्लेट असते, ती रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, कुठवर जाऊ द्यायचा ते ठरवते. ती पुढे सरकवली किंवा दहा नंबरची, शून्य नंबरची अशी बदलली की डिझेल वाढतं. बूस्ट येईपर्यंत डिझेल आखडून धरणारी एएफसीची यंत्रणा सैल केली की सुरुवातीची ओढ वाढते. ताकदीच्या हिशेबात याहून स्वस्त काम नाही आणि सपाटीवर गाडी ओळखू येत नाही. चढावर मात्र वेगळंच घडतं. काटा भराभर १२५० ला भिडतो, तुम्ही पाय उचलता आणि माथ्यावरचा वेग जवळपास पूर्वीइतकाच भरतो. तिथे तुम्हाला डिझेलची टंचाई अडवत नसते, तापमान अडवतं. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे खिशातून उडणारे पैसे. एएफसी अशी लावा की पाय दाबल्यावर हलकी काळी झाक येऊन लगेच स्वच्छ झाली पाहिजे.

हवेच्या बाजूची कामं नेमकी उलट वागतात. ट्रकचा मोठा हवेचा फिल्टर, एक्झॉस्टचा चार इंची पाइप: मूळ डिझेलवर यांनी ताकदीत सांगण्यासारखा फरक पडत नाही. मित्र म्हणतात पैसे वाया गेले. प्लेट बदलल्यावर त्याच पाइपने त्याच चढावर काटा खाली येतो, आणि तेवढा पाय तुम्हाला परत मिळतो. म्हणून यांची तुलना सुटी करायची नसते, जोडीने करायची.

टर्बोबद्दल थोडं सविस्तर. मूळचा एचएक्स३५ टर्बो साधारण ३५ पीएसआय बूस्टपर्यंत भला माणूस आहे. त्यापुढे तो हवा कमी देतो, ती तापवतो जास्त. बूस्टचा आकडा एकटा पाहून हे कळत नाही, म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाबही मोजा. मॅनिफोल्डचा दाब आणि बूस्ट बरोबरीचे असतील तर टर्बो मापाचा आहे. मॅनिफोल्डचा दाब दीडपटीला गेला तर टर्बाइनमध्ये वाट अडली आहे. तिथे वेस्टगेटचा, म्हणजे जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा, स्क्रू पिळून बूस्ट वाढवण्यात अर्थ नाही. एचएक्स४० सारखा मोठा टर्बो वर मोकळा श्वास घेतो, पण खाली १५००-१६०० आरपीएमवर सुस्त. ट्रेलर घेऊन चिखलातून निघायचं असेल तर ती सुस्ती दर वेळी नडते. माझ्या कामाला एचएक्स३५ च बरा.

टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, पंधरा-सोळा अंशांवर अलीकडे घेतलं की ज्वलन लवकर सुरू होतं, एक्झॉस्टचं तापमान उतरतं, मायलेजही थोडं सुधारतं. किंमत सिलिंडर हेडखालचं हेड गॅस्केट मोजतं, कारण सिलिंडरमधला दाब वाढतो. शिवाय जानेवारीत इंडियानाच्या थंडीत इंजिन सकाळी नखरे करतं. डिझेल फवारणाऱ्या नोझलचं म्हणाल तर ‘मरीन ३७०’ नावाने मिळणारी नोझल इथे फार लोकप्रिय. पण ती प्लेटच्या जोडीला, मूळच्या टर्बोवर घातली तर पुन्हा धुराचा कारखाना. गव्हर्नर इंजिनाचा कमाल वेग आवरतो; त्याच्या ३००० आरपीएमच्या स्प्रिंगांनी ताकद वाढत नाही, ताकद वरपर्यंत टिकते. गिअर बदलताना बरं वाटतं, एवढंच.

कायद्याचंही बघून घ्या. पंपाचं सेटिंग आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर दोन्ही अमेरिकेच्या प्रदूषण कायद्याखाली, म्हणजे क्लीन एअर अ‍ॅक्टखाली येतात. इंडियानात लेक आणि पोर्टर या दोनच काउंट्यांत उत्सर्जन तपासणी होते, म्हणून बाकीकडे सगळं माफ, असं नाही. चार इंची पाइप घेताना कॅटसकट घ्या, आणि सुट्या भागाला कॅलिफोर्नियाचा ईओ क्रमांक, म्हणजे प्रदूषणाच्या नियमांत बसत असल्याची मान्यता, आहे का ते बघा. २००७ नंतरच्या ६.७ लिटरच्या इंजिनवाल्यांनी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) उपटायचा विचारही करू नये. असं साहित्य उपटलेल्या पिकअपचा ईपीएचा, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा, २०२० चा अंदाज साडेपाच लाखांच्या वर होता. २०२३ मध्ये रॅमच्या इंजिनांत उत्सर्जन चाचणीला चकवणारी यंत्रणा असल्याच्या आरोपांपायी खुद्द कमिन्सने १६७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला, तिथे तुमचं-माझं काय.

राहिला क्लच. मूळचा क्लच मूळच्या टॉर्कसाठी आहे, प्लेट बदलली की त्याची परीक्षा सुरू होते. लोडवर चौथ्यात १८०० ला पाय पूर्ण दाबा. आरपीएम वाढले आणि वेग जागचा हलला नाही, तर क्लच घसरतोय. मग आधी १३ इंची क्लच घाला आणि चढाची वही नव्याने सुरू करा, कारण आधीच्या पानांवरचे आकडे टर्बोचेही नव्हते आणि नोझलचेही. गिअरबॉक्स खाली आलाच आहे, तर पाचव्या गिअरचं नट बघून घ्या. या बॉक्समध्ये ते सैल होतं, आणि त्यासाठी वेगळा बॉक्स उतरवायचा म्हणजे दुसरा शनिवार गेला.