स्टेनलेस स्टीलला गंज का लागतो? ग्रेड निवडताना आणि काम करताना या चुका टाळा

"३०४ ग्रेडचं स्टेनलेस घेतलं होतं हो, तरी गंज लागला" असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो, ते ३०४ आहे हे कशावरून ठरवलं? आणि दहातले आठ जण सांगतात, मॅग्नेट लावून बघितलं, चिकटला नाही. या मॅग्नेटच्या नादाने लोकांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं समुद्राच्या खाऱ्या हवेनेही केलं नसेल.

मालवणकडे एका होमस्टेचं काम चालू होतं, समुद्राकडे तोंड करून बाल्कन्या. फॅब्रिकेटरने पाइप आणि एल्बो अस्सल ३०४ आणले होते, पण मालकांनी एल्बोला मॅग्नेट लावला तर तो हलकासा धरला. "हे लोखंड आहे, उचला" म्हणून सगळा माल परत. मग दुसऱ्या दुकानातून स्वस्तातला पाइप आला, त्याला मॅग्नेट अजिबात धरत नव्हता, सगळे खूश. एक पावसाळा गेला आणि रेलिंगवर चहा सांडल्यासारखे तपकिरी ओघळ. मला बोलावलं तेव्हा मी केमिकलचा थेंब टाकून बॅटरी लावली, थेंब लाल झाला, म्हणजे मँगनीजवाला २०० सिरीजचा माल. बाजारात ज्याला जे-४ म्हणतात त्यात निकेल जेमतेम एक टक्का असतं, ३०४ मध्ये आठ टक्के. आणि गंमत बघा, तो २०० सिरीजचा मालसुद्धा नॉन-मॅग्नेटिकच असतो! उलट ३०४ वाकवलं, ओढलं, की त्याची आतली रचना थोडी बदलते आणि वाकवलेल्या जागी मॅग्नेट हलका धरतो. ४३० ग्रेडला तर पूर्ण चिकटतो, तरी ते स्टेनलेसच आहे, इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांच्या बुडाला तेच लावतात. त्यामुळे मॅग्नेट खिशात ठेवा आणि मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याने मालात काय काय आहे ते लिहून दिलेला कागद, मागा, त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या त्या घाण्याचा नंबर) मालावरच्या नंबराशी जुळवा, मोठी ऑर्डर असेल तर गनने, म्हणजे एक्स-रेने धातूतले घटक दाखवणाऱ्या हातातल्या यंत्राने, टेस्ट करून घ्या. फक्त गनला कार्बन दिसत नाही, म्हणजे ३०४ आहे की ३०४ एल (कमी कार्बनवालं) हे ती सांगू शकत नाही, तिथे सर्टिफिकेटच लागतं.

आता खरं सांगायचं तर त्या जागेला ३०४ पण चुकीचंच होतं. स्टीलमध्ये साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनने वर डोळ्याला न दिसणारा एक थर धरतो, ओरखडा पडला तरी हवा मिळाली की परत धरतो, सगळं संरक्षण काय ते एवढंच. या थराला भोकं पाडतं ते क्लोराइड, म्हणजे मीठ. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं ते यासाठीच. किनाऱ्यावर मी ३१६ च्या खाली जात नाही, आणि फिनिश गुळगुळीत घेतो, कारण खरखरीत हेअरलाइन (बारीक रेघांच्या) फिनिशच्या रेघांमध्ये मीठ बसून राहतं. छपराखालच्या रेलिंगला आधी डाग पडतात, पावसात उघड्यावर असलेल्याला नंतर, कारण पाऊस मीठ धुऊन नेतो. म्हणून गोड्या पाण्याने अधूनमधून धुवा, ३१६ असलं तरी धुवा. आणि कायम समुद्राच्या पाण्यात बुडालेलं काम असेल तर ३१६ पण पुरत नाही, तिथे २५०७ सारख्या सुपर डुप्लेक्सचा, म्हणजे त्याहून जास्त क्रोमियमवाल्या ग्रेडचा, विचार करा.

दुसरी चूक, जिच्यावर मी सगळ्यात जास्त भांडलोय. ज्या टेबलवर लोखंडी गेट कापलं त्याच टेबलवर, त्याच ग्राइंडरच्या त्याच चाकाने एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, घासायचं. लोखंडाचे कण एसएसमध्ये रुततात, ठिणग्या वर चिकटतात, बफ मारला की आठवडाभर चकाचक, नंतर सगळीकडे तांबूस ठिपके आणि दोष कोणाला, तर पाइपवाल्याला. नवीन पोरांना डिस्क बदलायला दोन मिनिटं जड जातात, पण अशा घाईने केलेलं काम परत करायला लागतं तेव्हा दोन दिवस जातात. माझ्याकडे एसएसच्या डिस्कना निळी टेप असते, ब्रश एसएसच्याच तारेचा, आणि पाइप लाकडावर ठेवायचा. शंका आली तर ओलं फडकं टाकून रात्रभर ठेवा, लोखंडाचे कण असतील तर सकाळी डाग दिसतील.

वेल्डिंगनंतरचा निळा-काळा पट्टा तसाच ठेवून वर बफची वॅक्स फिरवू नका, त्या पट्ट्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. पिकलिंग पेस्ट, म्हणजे तो पट्टा काढणारी अ‍ॅसिडची पेस्ट, लावा, भरपूर पाण्याने धुवा. पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, हातमोजे आणि चष्मा नसेल तर डबा उघडायचाच नाही. या पट्ट्यावर सिल्व्हर पेंट मारणारेही मी बघितलेत, अशा माणसाला परत काम देऊ नका.

फिलर, म्हणजे वेल्डिंगची तार किंवा रॉड, ३०४ ला ३०८ एल, ३१६ ला ३१६ एल, एसएस लोखंडाला जोडायचं तर ३०९ एल. जाड प्लेटच्या टाकीला एल ग्रेडच घ्या.

रेलिंग लावून झाल्यावर गवंड्याने फरशी अ‍ॅसिडने धुतली की संपलं, अंगावर उडायलाही लागत नाही, नुसती वाफ पुरते. आधी फरशी, मग रेलिंग.

एसएसचे नट-बोल्ट कोरडे आवळू नका, जाम होतात, मग कापावेच लागतात. अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट, लावा.

आणि गरम पाणी. साधारण ६० अंशांच्या वर क्लोराइड असलं की ताणाखालच्या ३०४ ला बारीक तडे जातात, वरून गंज फारसा दिसतही नाही. स्वित्झर्लंडमध्ये उस्टर गावी १९८५ मध्ये स्विमिंग पूलचं काँक्रीटचं छत कोसळून १२ माणसं गेली, छत धरणारे स्टेनलेसचे हँगर क्लोराइडमुळे असेच तडकले होते, तेही पाणी उकळत नसताना, पूलच्या साध्या उबदार हवेत. म्हणून बोअरच्या खारट पाण्यावर सोलर हीटरची टाकी बसवणार असाल तर आधी पाण्याची क्लोराइड टेस्ट करा आणि रिपोर्ट हातात आल्यावरच ग्रेड ठरवा.