चुरशीतून शॉट पक्का करायचा सराव

बास्केटबॉलमध्ये एकट्याने निवांत मारलेले शंभर शॉट हात मोकळा करतात, पण सामन्यातला शॉट त्यातून तयार होत नाही. तिथे शॉट हुकला की समोरच्याला चेंडू मिळतो. सरावात हुकला तर काहीच बिघडत नाही. म्हणून प्रत्येक चुकीची किंमत मोजायला लावणारे डाव सरावात हवेत. मात्र गुणांची पद्धत चुकीची निवडली तर त्याच डावात शॉट बिघडतोही.

आधी दहा मिनिटं स्पर्धेविना. रिमपासून (बास्केटच्या लोखंडी कड्यापासून) दीड मीटरवर उभं राहून एका हाताने शॉट मारा. चेंडू बोटांवर, तळव्याच्या मध्ये थोडी पोकळी, कोपर रिमच्या रेषेत, शेवटी मनगट पूर्ण खाली मोडलेलं. रिमचा व्यास 45 सेंमी, सात नंबरच्या (पुरुषांच्या सामन्यातल्या) चेंडूचा सुमारे 24. जागा भरपूर आहे, पण चेंडू वरून उतरला तरच. सपाट आलेल्या चेंडूला मिळणारी वाट अरुंद होते.

एकटे असाल तर काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी 11 गुणांचा डाव खेळा. बास्केट झाली की तुम्हाला 1, हुकली की त्याला 2. या हिशोबात बरोबरीला राहायलासुद्धा तीनपैकी दोन शॉट जायला हवेत. सध्या निम्मे जात असतील तर दहा शॉटनंतर 5-10 अशी अवस्था होते आणि मग खेळाडू डाव सोडून देतो. अशा वेळी 1-1 ने सुरुवात करा, म्हणजे हुकल्याचाही त्याला 1 च. सलग तीन डाव जिंकलात की हुकल्याचे 2 करा. 6.75 मीटरच्या थ्री-पॉइंट लाइनवरून (जिच्या बाहेरून बास्केटला तीन गुण मिळतात) 1-1 च ठेवा, तिथे निम्मे शॉट जाणं हीच मोठी गोष्ट आहे. प्रत्येक शॉटला जागा बदला: दोन कोपरे, दोन्ही बाजूंचे 45 अंश आणि समोर.

तिघातिघांचे दोन संघ असतील तर शर्यत लावा. प्रत्येक संघाला एक चेंडू, फ्री थ्रो लाइनच्या (फाउलनंतर बिनविरोध शॉट मारायच्या रेषेच्या) टोकावरून शॉट, स्वतःचा रिबाउंड (शॉटनंतर परत येणारा चेंडू) घेऊन पुढच्याला पास, आधी 10 बास्केट करणारा संघ जिंकला. गडबड इथेच होते. घाईत पास गुडघ्यापाशी येतो, घेणारा ताठ उभा असतो, चेंडू हातात आल्यावर तो वाकतो आणि पाय जुळायच्या आत शॉट सुटतो. शिवाय मारणारा चेंडू हवेत असतानाच रिबाउंडकडे झुकतो, त्यामुळे शॉट तिरका जातो. उपाय नियमातच घाला: चेंडू रिमला लागेपर्यंत हात वर राहिला नाही तर बास्केट मोजायची नाही, आणि हे बघायचं काम समोरच्या संघाचं. पास छातीच्या उंचीवर. घेणाऱ्याचे गुडघे आधीच वाकलेले, हात तयार.

नॉकआउट सगळ्यांना आवडतो: दोन चेंडू, फ्री थ्रो लाइनवर रांग. पहिल्याचा चेंडू हातातून सुटला की दुसऱ्याने मारायचं. मागच्याने आधी बास्केट केली तर पुढचा बाद. यात खोट एकच, ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच सर्वांत आधी बाहेर बसतो. म्हणून बाद झालेल्याने दुसऱ्या बास्केटवर पाच शॉट घालून पुन्हा रांगेत यावं.

फ्री थ्रो शेवटी, दमल्यावरच. दोन शॉट, मग कोर्टची एक फेरी, पुन्हा दोन. रिमला न लागता गेला तर +1, लागून गेला तर 0, हुकला तर −1. +5 झाले की सुटका, −5 झाले की पहिल्यापासून. सामन्यासारखे पाच सेकंदच घ्या. दमलेल्याचा चेंडू बहुतेक वेळा रिमच्या पुढच्या कडेला लागतो, कारण पाय वाकणं बंद होतं. तेव्हा हाताने जोर वाढवू नका, गुडघे जास्त वाकवा.

वहीत जागा, मारलेले, गेलेले आणि चूक कुठे झाली ते लिहा. आखूड किंवा लांब गेलेला शॉट लवकर सुधारतो. डावी-उजवीची चूक जास्त गंभीर: कोपर बाहेर जातंय किंवा आधाराच्या हाताचा अंगठा चेंडू ढकलतोय. सलग तीन शॉट एकाच बाजूला गेले तर गुण तिथेच थांबवा, दीड मीटरवर येऊन एका हाताने पाच शॉट घाला आणि त्याच गुणांवरून डाव पुढे चालवा.