कर्ज फेडताना या चुका टाळा: जो जास्त ओरडतो त्याचा हप्ता आधी नको

एका पतसंस्थेच्या वसुली विभागात माझी २२ वर्षं गेली. आता निवृत्त आहे, तरी रविवारी सकाळी कुणी ना कुणी कर्जाचे कागद पिशवीत घालून साताऱ्यातल्या आमच्या घरी येतं. पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "काका, नादारी घेता येईल का?" म्हणजे कोर्टाकडून दिवाळखोर जाहीर होता येईल का. मी त्यांना आधी चहा देतो आणि मग सांगतो की नादारीचा अर्ज १९२० च्या कायद्याखाली कोर्टात जातो, वकील लागतो, तारखा पडत राहतात आणि तारण ठेवलेलं घर त्यातून सुटत नाही. ज्याचा पगार किंवा धंदा चालू आहे, त्याला त्या वाटेने जायची गरज फार क्वचित पडते. त्याचं कर्ज अडलेलं असतं ते फेडीच्या चुकीच्या क्रमामुळे.

म्हणून आधी क्रमाबद्दल बोलतो, कारण ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे. लोक व्याजाचा दर बघत नाहीत, मागे तारण काय आहे, जामीन कोण आहे तेही बघत नाहीत. ज्याचा फोन जास्त वेळा येतो त्याला पैसे देतात.

एसटीच्या कार्यशाळेतला एक मेकॅनिक आमचा सभासद होता. आमचं तीन लाखांचं कर्ज, दोन क्रेडिट कार्डं, मोटरसायकलचा हप्ता आणि मोबाईलवरच्या ॲपची तीन छोटी कर्जं. ॲपवाले दिवसातून वीस वेळा फोन करायचे, मेव्हण्याला मेसेज टाकायचे. पगार झाला की हा आधी त्यांना गप्प करायचा. आम्ही सौम्य बोलायचो, म्हणून आमच्याकडे येऊन म्हणायचा, "साहेब, तुम्ही आपलेच आहात, पुढच्या महिन्यात भरतो." असे पुढचे महिने सहा झाले. मग कायद्याने जे व्हायचं ते झालं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा अधिकृत आदेश, निघाला आणि त्याच्याबरोबर जामीनदाराच्याही पगारातून कपात सुरू झाली.

तो जामीनदार त्याच्याच शेजारी उभा राहून काम करणारा माणूस. माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाला, "मी यातला एक रुपयाही घेतलेला नाही." ते शंभर टक्के खरं होतं. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की कर्जदाराची जितकी जबाबदारी तितकीच जामीनदाराची. मुलीची कॉलेजची फी भरायच्या महिन्यातच त्याची पहिली कपात झाली. त्या नोटिशीवर सही माझी होती. पुढे कर्ज फिटलं, पण ते दोघं पुन्हा एका डब्यात जेवले नाहीत. तेव्हापासून कुणीही समोर आलं की मी रकमेच्या आधी जामीनदाराचं नाव विचारतो.

माझी पद्धत साधी आहे. दोनशे पानी वही घ्यायची. मोबाईलमध्ये नको, वहीच हवी, कारण ती घरातल्या दुसऱ्या माणसालाही उघडता येते. प्रत्येक कर्जाला एक ओळ द्यायची: कुणाचं, मुद्दल किती बाकी, वर्षाचा दर किती, हप्त्याची तारीख, तारण काय, जामीन कोण. ज्या ओळीत घर आहे, पोटापाण्याची गाडी आहे किंवा दुसऱ्या माणसाची सही आहे, त्या ओळीचा हप्ता पगाराच्या दिवशीच. बाकीच्यांना किमान तेवढं देऊन जे उरेल ते सगळं सर्वांत महाग दराच्या कर्जावर. ते संपलं की त्याच्या खालच्यावर. काही जण सर्वांत लहान कर्ज आधी संपवा म्हणतात, त्याने हुरूप येतो हे मला मान्य आहे. पण ४० टक्क्यांचं कर्ज बाजूला ठेवून १२ टक्क्यांचं फेडणं माझ्या वसुलीतल्या मनाला अजून पटत नाही.

आणि ओरडणाऱ्यांचं काय? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. नातेवाइकांना त्रास देणं, धमकावणं यालाही बंदी आहे. पण फोन बंद करून बसू नका. एकदा उचला, हप्ता कोणत्या तारखेला भरणार ते सांगा, तेच ईमेलवर लिहून पाठवा. त्रास थांबला नाही तर आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. ॲपच्या मागे नोंदणीकृत कंपनीच सापडत नसेल आणि फोटो पसरवण्याची धमकी येत असेल, तर सरळ पोलिसांत जा.

दुसरी चूक क्रेडिट कार्डाची. बिलावर 'किमान देय रक्कम' लिहिलेली असते आणि लोकांना वाटतं तेवढी भरली की हप्ता भरला. वहीत हिशोब करून बघा. समजा ८०,००० बाकी आहेत आणि दर महिन्याला साडेतीन टक्के. व्याज झालं २,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५०४. तुम्ही पाच टक्के, म्हणजे ४,००० भरले. त्यातले ३,३०४ व्याज आणि करातच गेले, मुद्दल कमी झालं फक्त ६९६ ने. शिवाय पूर्ण बिल न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत गेली, आता त्याच कार्डावर आणलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज. हे लोकांना कळतं तेव्हा दोन-तीन वर्षं गेलेली असतात, याचं मला फार वाईट वाटतं. माझ्याकडे येणाऱ्याचं कार्ड मी आधी वापरातून बंद करायला लावतो आणि घरात सोनं असेल तर विचारतो. वर्षाला ४२ टक्के भरत कपाटात बांगड्या सांभाळण्यापेक्षा बँकेत सोनेतारण करून कार्ड एका झटक्यात मिटवणं कितीतरी स्वस्त पडतं. मात्र मोकळं झालेलं कार्ड पुन्हा घासलं तर सोनंही जातं.

सावकार 'शेकडा पाच' म्हणतो तेव्हा तो महिन्याचा दर असतो, वर्षाचे ६० टक्के. परवान्याशिवाय सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

'फ्लॅट १२ टक्के', म्हणजे मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच, हे ऐकून खूश होऊ नका. तीन वर्षांच्या कर्जाला तो खरा दर २१ च्या आसपास पडतो.

पैसे घेऊन सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल, दुरुस्त करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. चुकीची नोंद दुरुस्त करायचा अर्ज फुकट असतो आणि खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. स्वतःचा पूर्ण अहवालही वर्षातून एकदा मोफत मिळतो.

घरात सांगा. नवऱ्याला किंवा बायकोला माहीत नसलेलं कर्ज फिटताना मी फार थोडं पाहिलं आहे.

नव्या लोकांची घाई मला समजते, पण तिच्यामुळेच ते फसतात. तीन महिने हप्ते नीट भरले की विचारतात, "अजून किती?" पाच वर्षांत साठलेलं कर्ज सहा महिन्यांत जात नाही. मग कुणीतरी सांगतं, हप्ते थांबव, बँक स्वतःहून अर्ध्यावर तडजोड करेल. नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, तर तडजोड हा मार्ग आहेच, मी अनेकांना करून दिली आहे. पण जो भरू शकतो त्याने मुद्दाम थकवणं मला पटत नाही. त्या कर्जापुढे सिबिलमध्ये 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीत मिटवलं, अशी नोंद पडते आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलं की तीच आडवी येते. तडजोड करायचीच असेल तर रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही येणे राहणार नाही' हे वाक्य बँकेच्या पत्रावर आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजला पत्र म्हणत नाहीत.

आणि शेवटचा हप्ता भरला की तिथेच थांबून बेबाकी दाखला, म्हणजे काही येणे बाकी नसल्याचं पत्र, मागा. सही करून दिलेले कोरे चेक मोजून परत घ्या. महिना-दीड महिन्याने सिबिलवर खातं बंद दिसतंय का ते बघा. दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक वहीत चिकटवा आणि दुसरी घेऊन त्याच संध्याकाळी स्वतः जामीनदाराच्या घरी जा.