ओपीवरून (निरीक्षण चौकीवरून) भिंतीकडे : पेन्शनवर आलेल्या फौजीने अमूर्त फोटो कसे काढावेत

पेन्शनवर आलेला फौजी दोनच कामं करतो, असा आमच्या सातारा भागात समज आहे : बँकेत सिक्युरिटी, नाहीतर पोरांना भरतीची ट्रेनिंग. मी तोफखान्यात टेक्निकल असिस्टंट होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि आता गंजलेल्या पत्र्यांचे, भिंतीतल्या ओलीचे अमूर्त फोटो काढतो, म्हणजे वस्तू ओळखू न येता नुसता रंग-पोत दिसेल असे. गावात सगळ्याच फौजींना 'मेजर' म्हणतात, तसं मलाही म्हणतात. फोटो दाखवला की "मेजर, यात बघायचं काय?" हेही ठरलेलं. कुणा फौजी भावाला या वाटेनं यायचं असेल, तर हे त्याच्यासाठी.

आधी कॅमेरा घेऊ नका. आधी फील्डक्राफ्टचा, म्हणजे मैदानात लपण्या-हेरण्याच्या कसबाचा, क्लास आठवा. 'चीजें क्यों नज़र आती हैं' हा धडा आपण रंगरूट असतानाच घोकलाय : आकार, सावली, चमक, पृष्ठभाग, आकाशरेषा, अंतर, हालचाल. शत्रूला दिसू नये म्हणून यातली एकेक गोष्ट आपण मोडत होतो. इथेही तेच करायचं. वस्तूची ओळख मोडायची, पण यातली एखादी गोष्ट मुद्दाम शिल्लक ठेवायची. ट्रॅक्टरचं बॉनेट घ्या. चारही कडा फ्रेमबाहेर काढल्या की आकार गेला. मागचं शेत गेलं की अंतर कळेना. उरली ती चमक आणि उडालेल्या रंगाचा पोत. आता बघणाऱ्याला ट्रॅक्टर सापडत नाही, म्हणून तो लाल रंगाकडे नीट बघतो. एक आठवडा फक्त सावली, पुढचा आठवडा फक्त पृष्ठभाग, असा सराव मोबाइलवरच करा. मोबाइल पुरतो.

बघायची पद्धतही आपल्याकडे आयती आहे. इलाका जवळचा, मधला, लांबचा असा वाटून उजवीकडून डावीकडे नजर फिरवायची. वाचायच्या सवयीनं डोळा डावीकडून उजवीकडे सरसर पळतो आणि निम्मं सोडून देतो. उलटं फिरवलं की अडखळत जातो. मी जुन्या वाड्याच्या भिंतीसमोर असाच उभा राहतो. ओपीवर तासन्तास बसलेल्या माणसाला हे जड नाही. सिव्हिलमधले हौशी लोक पाच मिनिटांत कंटाळतात, तिथं आपण पुढे आहोत.

स्टँड-टूची, म्हणजे मोर्च्यावर सज्ज राहायची, वेळ सोडू नका. पहाटे आणि दिवस मावळताना तिरपा उजेड पडतो, भिंतीचा प्रत्येक खडा उठून दिसतो. रंगच हवे असतील तर मात्र पावसाळी ढगाळ दिवस बरा. उन्हात ओल्या पत्र्याचे रंग फोटोत फिके पडतात.

पुढे कॅमेरा घ्यायचाच झाला, तर जुना डीएसएलआर आणि ५० मिमीची, एफ/१.८ वाली साधी लेन्स (एफ/ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तसं छिद्र लहान). झूमच्या नादी लागू नका, पायांनी पुढे-मागे व्हा. पोतासाठी एफ/८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, ट्रायपॉड, आणि सेन्सर (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) भिंतीला समांतर. नाहीतर एक कोपरा धूसर होतो. चमक जळून पांढरी होत असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा घ्या. हालचाल पकडायची असेल तर आयएसओ १००, एफ/१६, शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवून उभ्या झाडांसमोर कॅमेरा वरून खाली ओढा. भर उन्हात एवढं मंद शटर चालत नाही, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावावा लागतो.

जागा जवळच शोधा. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर सगळे वरून, अख्खी टिपतात. तुम्ही पायऱ्यांनी खाली जा आणि नुसतं पाण्यातलं दगडाचं हलतं प्रतिबिंब घ्या. भंगारच्या दुकानात मालकाला आधी विचारा, चहा घ्या, मग काम. आणि छावणीच्या हद्दीत कॅमेरा बाहेर काढायचा नाही. आपणच नियम मोडले तर बाकीच्यांना काय सांगणार?

या वाटेनं आधी गेलेले फौजी आहेत. हंगेरीचा लास्लो मोहोली-नॉज पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा अधिकारी होता. जखमी झाला, लष्करी पोस्टकार्डांवर चित्रं काढायचा. १९२२ पासून तो कॅमेऱ्याविना, थेट प्रकाशसंवेदी कागदावर वस्तू ठेवून फोटोग्राम करू लागला. पुढे बर्लिनच्या रेडिओ टॉवरवरून सरळ खाली बघत त्यानं फोटो घेतले. ते पाहिले की नकाशा वाचणाऱ्या माणसाला लगेच ओळख पटते. एडवर्ड स्टायकननं त्याच युद्धात अमेरिकन फौजेसाठी हवाई फोटोंचं काम सांभाळलं. परत आल्यावर काळ्या-पांढऱ्याच्या छटा समजाव्यात म्हणून एकाच कपबशीचे हजारावर फोटो काढले. हा सराव घरी करण्यासारखा आहे, फक्त घरच्यांना कल्पना द्या. आठवडाभर कपबशी कट्ट्यावरून उचलू दिली नाही म्हणून मी आमच्या मंडळींची बोलणी खाल्ली आहेत.

निवड हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. फोटो पोस्टकार्डाएवढे छापून जमिनीवर पसरा, वरची बाजू खाली करून उलटे बघा. उलटाही फोटो उभा राहिला तर ठेवा. दहा-बारा एका जातीचे झाले की मालिका. मोठा प्रिंट मॅट कागदावर घ्या. चकचकीत कागदावर बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं.

एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. प्रदर्शन भरवणारे लोक 'माजी सैनिक' म्हटलं की फोटोला 'सीमेवरची पहाट' किंवा 'शहीदाचं रक्त' असली नावं सुचवतात. गंजाला रक्त म्हणू नका. मी खाली फक्त जागा आणि साल लिहितो : 'पत्रा, कोरेगाव, २०२२'. नोकरीची माहिती परिचयात एका ओळीत पुरे.

मुंबईच्या जहांगीर कलादालनाला अर्ज जरूर करा, पण तिथं नंबर लागायला वेळ जातो. तोवर तालुक्याच्या वाचनालयाची भिंत मागा. प्रिंट, फ्रेम आणि टेम्पोचं भाडं धरून किंमत लावा, आणि गाववाले म्हणून फुकट वाटू नका.